लाल्याची दोरी

आमचे तात्या कुणाला "बरा आहेस ना?" असं विचारत नसत. "किती दिवस बसून आहेस?" असं विचारत.

तात्या माझे चुलतसासरे. मिरजोळ्याला आमच्याच घरात राहत आणि मालगुंडपर्यंत टांगा हाकत. पावसाचे चार महिने टांगा बंद, लाल्या घोडा गोठ्यात. त्यावरून त्यांनी शास्त्र बसवलं होतं. "पंधरा दिवस बसला तर काही जात नाही. दोन महिने बसला तर दम जातो. चार महिन्यांनी पाय जातात. दम लवकर परत येतो, पायांना वेळ लागतो. घोड्याला वाटतं, दम आला म्हणजे पायही आले. तिथंच मोडतो."

हे ते सगळ्यांना लावत. मे महिन्याची सुट्टी संपवून शाळेत निघालेल्या मास्तरांना वाटेत अडवून सांगत, "पहिल्या दिवशी ओरडू नका. हळूहळू वाढवा." माझा नवरा मुंबईच्या गिरणीतून गणपतीला आला, तर नमस्कार करायच्या आत त्याच्या पोटऱ्या चाचपल्या.

पाऊस सरला की आठ दिवस लाल्या मोकळा चालायचा, नुसता दोरी धरून. मग रिकामा टांगा. मग एक माणूस. मोकळ्या चालीच्या रोज एक, अशा कोळशाच्या रेघा गोठ्याच्या भिंतीवर.

एका वर्षी मला विषमज्वर झाला. दोन महिने अंथरुणात गेले. उठले तेव्हा पाऊस सरला होता आणि भात कापणीला आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ताप गेला ना? मग विळा घे."

तात्या म्हणाले, "वहिनी, ती दोन महिने बसून आहे."

"भावोजी, सून आहे ती माझी. घोडी नव्हे."

"घोडी असती तर जपली असतीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल्याची दोरी धरून खळ्यात उभे. "चल गो. पऱ्यापर्यंत. बोलू नको, दम जातो."

घोड्यामागून मी. गाव हसलं. मला रागही आला होता. पण विळ्यापेक्षा हे बरं. ओढ्याच्या पाण्याशी पोचलो की मी दगडावर बसायची. तात्या लाल्याच्या बरगडीला कान लावायचे, मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "अजून बस." लाल्या पाय आपटायचा, दोरी ओढायचा. पुढे पुढे कातळाच्या चढणीपर्यंत नेलं.

मालगुंडचे एक बागायतदार त्यांचं जुनं गिऱ्हाईक. टांगा कधी, म्हणून त्यांचे निरोपावर निरोप. तात्यांचं उत्तर एकच, "घोड्याचा दम कच्चा आहे." शेवटी ते मोटारीनं जायला लागले. परत टांग्याकडे आले नाहीत.

कापणीच्या शेवटच्या चार दिवसांना मी गेले. दिवसभर वाकले आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आले.

दिवाळीआधी गोठ्याची भिंत सारवायला घेतली. दर वर्षी रेघा आठ असत. त्या वर्षीच्या मोजल्या. तेवीस होत्या.

तात्या मागे उभे होते. "काय बघतेस?"

"काही नाही."

"मग हात चालव."

सगळी भिंत सारवली. तेवढा तुकडा सोडला.