तेवीस नंबराची पिओनी आपले पायी उभी राहिली, त्याची हकीकत

आदौ मृत्तिका, मृत्तिकेत कंद, कंदास डोळा, डोळ्यातून देठ, आणि देठावर फूल, ऐसी सृष्टीची रीत. परंतु फूल जड आणि देठ दुबळा ऐसा विपरीत योग जेथे घडला, तेथे त्यावर शर्थ कोणी केली, कैशी केली, आणि यश कोणत्या युक्तीने पदरी पडले, हे पुढिलांस कळावे म्हणोन ही हकीकत यथास्थित लिहिली असे. यात पदरचे तिखटमीठ नाही. जे आहे ते शेजारणींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून जातीने पाहिलेले आहे, सबब पुराव्यास उणे नाही.

मिनेसोटा मुलखी नॉर्बी नामे कसबा. तेथे घरोघरी अंगणात आजेसासवांचे वेळेपासूनची गुलाबी पिओनी. फूल कोबीच्या गड्ड्याएवढे, पाकळ्या मोजू जाता मोजणाराच थकावा, आणि परिमळ असा की टपालवालाही घटकाभर रेंगाळावा. परंतु दर जूनात, ऐन बहरी, गडगडाट होऊन पाऊस कोसळे, आणि ती अवघी गुलाबी फौज चिखलात तोंड खुपसोन पडे. मग घरोघरच्या बाया लोखंडी कडी आणि नायलॉनचे जुने पायमोजे घेऊन बाहेर पडत, आणि एकेक घायाळ फूल उचलोन बांधीत, आणि म्हणत की चालायचंच. ऐसा शिरस्ता तीन पिढ्या चालिला, आणि त्यात कोणास काही वावगे दिसले नाही.

दिसले ते खाशा सिग्नीबाई हॉल्वोर्सन यांस. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, नजर घारीची, आणि काळीज सशाचे. कन्या ब्रिटा पोटी होती ते साली पाळण्याचे स्क्रू तीन वेळा आवळोन झाले, मग आणखी काय आवळावे हे न सुचोन बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या, तो समोर अवघी पिओनी एका सरीत आडवी जाहली. ते पाहोन बाईंचे डोळ्यांस पाणी आले, आणि त्याच पावली संकल्प केला की, भरगच्च फूल, परंतु कडे नाही, काठी नाही, मोजा नाही, कोणाच्याही घरच्या अंगणात पावसात आपले देठावर उभे राहील, ऐसे वाण पैदा करावे.

मसलत ठरली. वधू घरचीच गुलाबी. वर ठेंगणा लाल, पाकळ्या बेताच्या, रूपही बेताचे, परंतु देठ भाल्यासारखा. स्थळ उत्तम, मुहूर्त मात्र जुळेना; कां की लाल पंधरा दिवस आधी फुले आणि गुलाबी मागाहून. सबब वराकडील पराग काढोन, वाळवोन, औषधाच्या रिकाम्या डबीत घालोन फ्रिजात राखणे प्राप्त जाहले. आणि फ्रिज म्हणजे यजमान लाइलराव यांचे जळवांचे ठाणे. गळास लावावयाच्या जिवंत जळवा, डब्यांचे डबे.

"लाइल, तुझ्या जळवा माझ्या परागांत शिरल्या तर?"

"झाकण आहे ना! आणि शिरल्या तर शिरल्या, वऱ्हाड म्हणून जातील बिचाऱ्या."

यावरोन मोठा कलह होऊन अखेरीस तहनामा जाहला, तो चुंबकाने फ्रिजाचे दारी लाविला. कलम पहिले, वरचा कप्पा परागांस, खालचा जळवांस, मधला दुधास मोकळा. कलम दुसरे, गराजेमागील जागा सात सालांचे सात जून उलटेतो सिग्नीबाईंचे अमलात. सातवे सालच्या जूनात फूल पावसात बिनआधार उभे न राहिल्यास मोहीम बरखास्त, वाफा सपाट, आणि ते जागी लाइलरावांची चाकांची खोपी, जीत बसोन ते हिवाळ्यात गोठल्या तळ्यावर मासे धरीत आणि जी उरलेले आठ महिने दारात आडवी पडोन सर्वांच्या नडग्या फोडीत असे, ती कायमची दाखल व्हावी. दोघांच्या सह्या.

मग बाईंनी कळी उमलण्याआधी उघडोन तिचे केसर चिमट्याने उपटिले, कुंचल्याने वराचे पराग लाविले, आणि वर कागदी पिशवी बांधोन चिठ्ठी अडकविली. शेंगा धरल्या, बिया एकसष्ट आल्या, त्या पेरिल्या. पहिले साल जमिनीवर काहीच नाही, कां की पिओनीची रीतच ऐसी की पहिले वर्षी केवळ मूळ धरावे.

"आलं का काही?" लाइलराव रोज पुसत.

"मूळ आलंय."

"दिसत नाही ते."

"मूळ कसं दिसेल, लाइल?"

"हां, मग तळ्यात माझाही दहा पौंडांचा मासा आहे. दिसत नाही, इतकंच."

ऐशी टोचणी सोशीत दोन साले, तीन साले, चार साले गेली. ब्रिटास दात आले, आणि पुढे ती धावूही लागली. पाचवे सालच्या जूनात रोपे फुलली. कोणी उकडल्या हॅमच्या रंगाचे, कोणी वासास मोज्यासारखे, कोणी रूपाने अप्सरा परंतु दवाच्या भारानेही लवणारे. बाईंनी छातीवर दगड ठेवोन सर्व उपटिली. राहिले एक, क्रमांक तेवीस. पाकळ्या भरगच्च, रंग आत पहाटेचा आणि बाहेर भाजल्या विटेचा, देठ बापाचा. त्यास नाव मात्र दिले नाही. कां की नाव ठेविले की जीव गुंततो, आणि जीव गुंतला की गारा पडतात, ऐसा बाईंचा ग्रह. सहावे सालच्या जूनात पाऊसच दडी मारोन बसला, सबब कसोटी लागली नाही. राहिला सातवा.

राज्याच्या पिओनी मंडळाचे परीक्षक मर्विन पेल्टो यांजकडे खलिता रवाना जाहला. त्यांचे उत्तर आले की, बहरात एक जोराचा पाऊस पडोन थांबला की दोन घटकांत दाखल होतो. रोप बिनआधार उभे दिसले तर घरच्या बागांकरिता शिफारस करितो, नाहीतर नाही.

त्या जूनात एके शुक्रवारी सकाळी बाई ब्रिटास चर्चच्या सुट्टीतील शाळेत पोचवावयास गेल्या, तो आभाळ वादळाचे हिरवे पडले, इशाऱ्याचा भोंगा वाजला, आणि कसब्याच्या कायद्याप्रमाणे सर्वांस चर्चच्या तळघरात उतरणे प्राप्त जाहले. तेथे कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या, आणि लेक मांडीवर सुखरूप होती. ऐसे असता बाईंचा जीव गराजेमागे अडकलेला. मनी म्हणाल्या, कैसी मी आई! आणि लेकीस अधिकच घट्ट आवळिले, तो ब्रिटा म्हणाली, "आई, मला श्वास घेऊ दे की!"

इकडे कुंपणापलीकडे सासूबाई आर्डिसबाई यांनी खिडकीतून पाहिले की पहिला थेंब पडला, सून घरी नाही, आणि सात वर्षांचे रोप उघड्यावर. बाईंचे अंतःकरण द्रवले. रेनकोट चढवोन, लोखंडी कडे काखोटीस मारोन, दोन जोड पायमोजे दाती धरोन त्या भर वादळात कुंपण ओलांडोन गेल्या, वय वर्षे त्र्याहत्तर, आणि तेवीस नंबरास कड्यात घालोन चहूंकडोन मोज्यांनी ऐसे जखडले की रोपाने शिंकही देऊ नये. लाइलराव बैठकीत टीव्हीवर वादळाचा नकाशा पाहण्यात मग्न, सबब त्यांस वर्तमान नाही.

पाऊस थांबला. तळघरातून सुटका होण्यास दोन घटका लागल्या. सिग्नीबाई लेकीस घेऊन धावत आल्या, तो परीक्षक पेल्टो वाफ्यापाशी कॉफीचा पेला घेऊन उभे, शेजारी आर्डिसबाई वड्यांचे ताट घेऊन प्रसन्नवदन, आणि मध्ये तेवीस नंबर, तपकिरी मोज्यांत. पलीकडे लाइलराव खोपी ट्रकास जोडोन, तहनामा खिशात घालोन सिद्ध.

पेल्टोंनी रोपाकडे पाहिले, मग वडीकडे, मग पुन्हा रोपाकडे, आणि म्हणाले, "हं. वेगळंच आहे."

वाचणारांनी ध्यानी घ्यावे की त्या मुलखी 'वेगळंच आहे' याहून कठोर शब्द नाही. सुळावर देताना देखील इतकेच म्हणतात. आणि तेथील दुसरा रिवाज ऐसा की कोणी उपकार केला तर, त्यात आपले घर जळाले तरी, 'कशाला एवढा त्रास घेतलात' म्हणावे आणि वडी खावी. सिग्नीबाई बारा वर्षे सून होत्या, बारा वर्षे वडी खाल्ली होती.

"पडलंच असतं गं," आर्डिसबाई म्हणाल्या. "मी होते म्हणून. एवढं काय त्यात!"

"नाही," सिग्नीबाई म्हणाल्या.

कसब्यात हा शब्द मोठ्याने क्वचितच ऐकिला गेला होता. लाइलरावांनी ट्रकाचे इंजिन बंद केले.

"नाही, आर्डिस. ते पडतं की नाही, हेच बघायचं होतं मला. सात वर्षं. तुम्ही बांधायला नको होतं."

"मी आपली मायेने..."

"माहितीये. पण पडलं असतं तर पडू द्यायचं होतं."

"असं?" आर्डिसबाईंनी वड्यांचे ताट पेल्टोंच्या हाती दिले. "आणि ब्रिटाची सायकल? सात वर्षांची पोर, आणि अजून मागून सीट धरून पळतेस, ती सोड की! मग मला शिकव."

ब्रिटा लागलीच म्हणाली, "बघ! आजी पण म्हणते!"

पेल्टो अत्यंत अवघडले. म्हणाले की पुन्हा पाऊस पडला तर येईन. परंतु पुढील आठ दिवस कोरडे जाणार ऐसा हवामानाचा अंदाज होता, आणि तोवर बहर झडणार, आणि तह संपणार. तेव्हां आर्डिसबाईंनी ॲप्रनातून कात्री काढिली, आणि आपले चारही मोजे आपले हाती कापिले, कडे उपसोन गवतावर फेकिले, आणि तरातरा कुंपणापलीकडे निघोन गेल्या. सर्वांस वाटले, रुसल्या. तो तिकडोन आवाज आला,

"पाऊसच हवा ना? थांबा!"

आणि बाईंनी नळी आणिली, नळीचे तोंडास पितळी फवारा चढविला, आणि नळ पुरता सोडिला. मग जो मारा जाहला त्याचे वर्णन काय करावे! बारा वर्षांत जे जे बोलावयाचे राहिले होते, सुनेने बदललेले पडदे, नातीस पाजू न दिलेली साखरेची कॉफी, ते सर्व त्या धारेतून बाहेर पडले. तेवीस नंबर लवले. अधिक लवले. पाकळ्यांच्या वाट्या पाण्याने भरोन फुले जमिनीपासोन वीतभर आली. सिग्नीबाईंचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकविले. पेल्टो म्हणाले, पुरे. आर्डिसबाईंस ऐकू आले नाही. पुन्हा म्हणाले, पुरे बाई; तेव्हां ब्रिटाने जाऊन नळ बंद केला.

मग रोपाने अंग झाडिले, वरचे फूल पाणी सांडोन उठले, त्यामागे दुसरे, मग सातही फुले, आणि भालदार उभे राहावे तैसे सर्व देठ सरळ जाहले. पलीकडे आर्डिसबाईंचे स्वतःचे अंगणात, कड्यांत बांधलेली गुलाबी पिओनी, मोज्यांसकट पालथी पडलेली होती.

पेल्टोंनी चष्मा पुसला, देठ बोटाने दाबोन पाहिला, आणि म्हणाले, "वाईट नाही."

त्या मुलखी याहून थोर पदवी नाही. लाइलरावांनी ते ऐकिले, तहनामा खिशातोन काढोन बायकोचे हाती दिला, ट्रकात बसले, आणि खोपी मागे मागे घेत दारात पूर्ववत आडवी लाविली; ऐसी अधिकृत माघार जाहली.

पेल्टोंनी कागद काढोन पुसले, नाव काय? सात वर्षे जो रकाना कोरा ठेविला, त्याकडे पाहोन सिग्नीबाईंनी मान कुंपणाकडे वळविली. कुंपणापाशी सासूबाई नखशिखांत भिजोन, हाती एक कापलेला मोजा घेऊन उभ्या होत्या.

"आर्डिस," सिग्नीबाई म्हणाल्या.

"छे, माझं कशाला!" आर्डिसबाई म्हणाल्या.

"लिहा, आर्डिस."

"नको गं, लोक काय म्हणतील!"

"लिहा."

तिसरे वेळी आर्डिसबाई काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे रिवाजाप्रमाणे कबूल जाहल्या, आणि पेल्टोंस आणखी एक वडी घ्यावी लागली.

येणेप्रमाणे जूनाचे शुक्रवारी, सातवे साली, फत्ते जाहली. हवामानाचा अंदाज चुकीचा ठरविण्याचा विडा उचललेल्या आभाळाने दुसरेच दिवशी पुन्हा अंधारोन आणिले. आर्डिसबाई मोजे घेऊन आपले पायरीवर आल्या, आणि उभ्या राहिल्या, आणि थेंब पडू लागले तरी खाली उतरल्या नाहीत. ते सिग्नीबाईंनी रस्त्यावरोन पाहिले, आणि ब्रिटाच्या सायकलीच्या सीटवरला एक हात काढिला. दुसरा अद्याप तेथेच आहे, हेही खोटे न लिहावे म्हणोन लिहिले असे.