तीन वायफायची चोरी

बारामती-इंदापूर पट्ट्यात आपल्यासारखा गुप्तहेर झाला नाही, असं ज्ञानदेवराव स्वतःच सांगत, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं. "नजर घारीची, नाक कुत्र्याचं!" यातलं नाक तेवढं खरं, कुणाच्या घरी मटण शिजतंय हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांचा मदतनीस बिरू या माणसाला पार विटला होता.

आज वडगाव निंबाळकरात बनाबाईंच्या घरचं वायफाय गेलं होतं. घराचं, दूध डेअरीचं अन् पाहुण्यांचं, तिन्ही एकदम. लेक ज्योत्स्नाची तासाभरात पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत, अन् मोबाईलला घरात रेंज नाही. पोरगी रडकुंडीला आलेली.

"वायफाय तीन, म्हणजे चोर तीन!" ज्ञानदेवराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

"काका, तिन्ही एकाच अडॅप्टरवर चालत्यात. लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावलेला असतो, बोटाएवढा. तोच जागेवर न्हाय," ज्योत्स्ना म्हणाली.

"हा लिनक्स कुठल्या गावचा? आडनाव काय त्याचं?"

बिरूनं कपाळावर हात मारला. असल्या माणसाच्या मागं आपण पिशवी घेऊन हिंडतो!

पहिला संशय शेजारच्या गेणबावर. "माझा फोन बटणाचा हाय, येड्या! वायफाय काय वैरणीत घालू?" गेणबा खेकसला. मग ज्ञानदेवराव गोठ्यात शिरले. "बिरू, ही म्हैस काहीतरी लपवतीय."

इकडं ज्योत्स्ना हताश होऊन देवाच्या पाया पडायला गेली, अन् तिथंच थबकली. पाटावर कोयता, विळा, खुरपं, दुधाचं माप, अन् शेजारी हळदीकुंकवानं माखलेला अडॅप्टर, वर झेंडूचं फूल.

"आई!"

"आज खंडेनवमी न्हाय व्हय?" बनाबाई म्हणाल्या. "कोयत्याची पूजा करायची, अन् तीन-तीन वायफाय वढणाऱ्याची न्हाय? उद्यापतुर हलवायचं न्हाय त्याला."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. बनाबाईंनी ते पाहिलं आणि हात जोडले. "देवा, लेकीच्या भाकरीचं काम हाय, माफ कर." पदरानं कुंकू पुसून अडॅप्टर तिच्या हातात दिला.

"मी म्हणलोच व्हतो, चोर घरातलाच!" गोठ्यातून आवाज आला.

"तुमी म्हशीला धरलं व्हतं," बिरू म्हणाला.

मुलाखत वेळेवर सुरू झाली. "घरी एकाच अडॅप्टरवर तीन नेटवर्क चालवता? छान," साहेब म्हणाले. "यात सगळ्यात मोठा धोका कोणता?"

ज्योत्स्नानं दारात उभ्या आईकडं पाहिलं.

"खंडेनवमी, सर."