इंगळेकाका आणि चरकाचा बुश

गेल्या जानेवारीत इंदिरा नगरमधल्या एका गॅरेजात उसाच्या चरकाचा बुश एकोणीस दिवस अडकून होता. त्यातले अठरा दिवस इंगळेकाकांनी त्याला पाना लावला नाही. रोज सकाळी ते त्याच्याभोवती डिझेल आणि जुन्या ऑइलचं मिश्रण सोडत आणि शेजारी स्टूल टाकून बसून राहत.

काका मूळचे अकोल्याकडचे. सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि लखनौमध्येच राहिले. त्यांच्या गॅरेजात गाडी नाही. तिथं आसपासच्या गावांतून जुनी अवजारं येतात: कडबा कापायची यंत्रं, मळणीयंत्राचे भाग, ट्रॅक्टरचे आस. काका त्यातलं एकच काम करतात. अडकलेला बुश काढून देतात. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसवलेली पितळी नळी. दांडा झिजू नये म्हणून ती झिजते, आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने जागेवर चिकटून बसते.

"नवा बसवाले सारेच येतात," काका म्हणतात. "जुन्याले न दुखवता काढणं, ते खरं काम हाय, राजेहो."

एकदा एका बाजूने बंद असलेल्या भोकातला बुश आला. मागून रेटायला जागाच नव्हती. काकांनी बेकरीतून शिळा पाव आणला, भिजवला, भोकात ठासून भरला आणि वरून घट्ट बसणारा दांडा ठोकला. दाबलेल्या पावाला जायला दुसरी वाट नव्हती. तो बुशाला ढकलत वर आला. ट्रॅक्टरवाला बघतच राहिला.

"चाचा, इसमें मक्खन भी लगता है?"

"लगता है," काका म्हणाले, "मगर चाय के साथ."

मात्र कुठलंही काम शोभाकाकूंशिवाय होत नसे. काका बुशातून आटे पाडलेली सळई घालत, एका टोकाला जाड वॉशर, दुसऱ्या टोकाला पाइपचा तुकडा आणि नट. नट आवळला की बुश सरकत पाइपात यायचा. काका पाना पाव फेरा फिरवत आणि मान वर करून उंबऱ्याकडे बघत. तिथं काकू मेथी निवडत बसलेल्या असत.

"काय म्हणते वं हा?"

"अजून घ्या म्हणते." किंवा, "थांबा. तेल पाजा त्याले."

गल्लीत यावर विनोद चाले. इंगळे अंकल होम मिनिस्ट्रीची परमिशन घेतल्याशिवाय नट फिरवत नाहीत, असं सगळे म्हणत. काकाही हसत.

जानेवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी काकू अकोल्याला गेल्या. त्याच आठवड्यात बाराबंकीकडचे यादवजी त्यांच्या चरकाची बिडाची चौकट घेऊन आले. बीड म्हणजे ओतीव लोखंड. जास्त ताण आला की ते वाकत नाही, फुटतं. अशी चौकट आता कुठे मिळत नव्हती. ऊस तोडून शेतात पडला होता आणि गुऱ्हाळ बंद होतं.

"हो जाएगा," काका म्हणाले. "तेल पीने दो."

पहिल्या रविवारी बुश तेल पीत होता. दुसऱ्या रविवारीही तेच. मी समोर राहतो; सुट्टीच्या सकाळी तिथं जाऊन बसायचो. धुकं फाटकापर्यंत आलेलं असे. गॅरेजात स्टोव्हची निळी ज्योत, आणि चौकटीखालच्या डब्यात थेंब पडल्याचा आवाज. दोन थेंबांमध्ये इतकं अंतर असे की पुढचा येईपर्यंत आधीचा ऐकला होता की आठवला होता, याची खात्री राहत नसे. नऊचे अकरा कधी वाजत, कळत नसे.

एका संध्याकाळी काकांच्या मुलीचा, रश्मीचा, मला फोन आला.

"भैया, पापा नाराज हैं क्या? मैंने पूछा खाने में क्या बनाया, तो बोले, हाव, बरं आहे, ठेवतो. मम्मी ने पूछा दवाई ली? हाव, बरं आहे, ठेवतो!"

अठराव्या दिवशी मी काकांकडे गेलो तेव्हा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि डाळ करपल्याचा वास येत होता. काका कुकरपासून दोन हातांवर बसून वॉशर पुसत होते. मी दारात दिसलो तेव्हा त्यांनी मान वळवली. मी गॅस बंद केला.

त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चार-पाच वर्षं झाले," ते म्हणाले. "समोर बसून बोललं की समजते. फोनवर काहीच नाही."

मग त्यांनी सांगितलं. बुश सुटताना लांब कर्र असा आवाज येतो. बीड फुटण्याआधी बारीक टिक होतं. त्याच क्षणी थांबावं लागतं.

"ते टिक मले ऐकू येत नाही. तिले येते."

मी ऐकतो, असं म्हणालो. काकांनी मान हलवली. "गंज बी टिक करते. कोनती टिक कोनाची, हे तुमाले नाही समजणार."

दुसऱ्या दिवशी यादवजी घण घेऊनच आले.

"चाचा, गन्ना सूख रहा है. फूटे तो फूटे, आज निकालेंगे."

काका चौकटीसमोर आडवे उभे राहिले. मी अकोल्याला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर काकू आल्या, खांद्यावर बाळ. मी सगळं सांगितलं.

"एकोणीस दिवस! मले सांगितलं काहून नाही?" त्या म्हणाल्या, आणि लगेच, "सांगतील कसे." त्यांनी बाळ रश्मीकडे दिलं. "फोन बिडाजवळ धरा. तोंड यांच्याकडे करा."

काकांनी पाव फेरा दिला. काकूंनी डोळे मिटले आणि तळहात वर केला. काका थांबले. तेल, थोडी आच, पुन्हा पाव फेरा. तळहात खाली आला की घ्यायचं, वर गेला की थांबायचं. यादवजी घणावर हात टेकून उकिडवे बसले होते.

मग मला स्पष्ट टिक ऐकू आलं. थांबवायला माझा हात वर गेला. काकूंचा नाही. त्यांचा तळहात खालीच होता.

काकांनी पडद्याकडे पाहिलं आणि पाना फिरवला. लांब कर्र झालं. काकू हसल्या, तेव्हा काकांना कळलं.

यादवजींनी चौकटीच्या आतून बोट फिरवलं. तडा नव्हता. त्यांनी फोनला हात जोडले. "अम्मा, प्रणाम." अर्ध्या तासाने चौकट टेम्पोत चढवून ते गेले.

फोन मी तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर काकू बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. काका समोर स्टुलावर बसले होते. मी फोन परत घ्यायला गेलो तेव्हा कॉलला एक तास चौदा मिनिटं झाली होती.