तंबूपासून तिसरा वरंबा

माझे डोळे बांधा, मला गरगर फिरवा आणि आमच्या उत्तर ध्रुवाजवळच्या किनाऱ्यावर सोडा. मी आमचा सीलच्या तेलाचा खड्डा शोधून दाखवीन! हे मी दर उन्हाळ्यात आमच्या छावणीत शिकायला येणाऱ्या पोरांना सांगते. आधी किनारा वाचायला शिका, म्हणते. समुद्र वाळूगोट्यांचा एकेक वरंबा टाकत मागे सरकलाय. पाण्याजवळचा वरंबा कालचा, त्यामागचे आजे-पणज्यांचे, आणि अगदी आतले अशा माणसांचे, ज्यांची नावं फक्त वाऱ्याला ठाऊक. दिसायला मात्र सगळे एका आईची लेकरं.

या उन्हाळ्यात माझ्या नातीनं, सिक्निकनं, पहिला सील मारला. आमच्यात पहिली शिकार आपण खायची नसते. बोट चाटायलासुद्धा ठेवायचं नाही. सगळी म्हाताऱ्यांना द्यायची, आणि ती पोचेपर्यंत पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही. मांस लगेच गेलं. चरबीच्या पट्ट्या मी झाकणाच्या बादलीत भरल्या आणि तंबूपासून तिसऱ्या वरंब्यावर, थंड गोट्यांत पुरल्या. तिथं तेल सावकाश सुटतं. ते तेल जायचं होतं खाडीपलीकडच्या गावात, रूफसताताला. ताता म्हणजे आजोबा, आणि आमच्यात सगळ्यात म्हातारा तोच. रोज रेडिओवर विचारायचा, "पोरीचं तेल झालं का? सुका मासा कोरडाच चावतोय मी. मेल्यावर आणणार आहात का?"

मध्ये मी दाढ काढायला गावात जाऊन आले. परतले तेव्हा धुकं इतकं, की तंबूचं दार हातानं चाचपावं लागलं. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, विल्बरनं, आभाळाकडे बघितलं.

"संध्याकाळी वारा सुटणार," तो म्हणाला. "तेल आजच न्यायला हवं. नाहीतर होडी आठवडाभर निघायची नाही आणि सगळं खवट होईल."

सिक्निकचा चेहरा उतरला. ठिपकेदार सीलांचा हंगाम तिच्या डोळ्यांसमोरून चालला होता. मी फावडं उचललं. "चल. तंबूपासून तिसरा."

तिसऱ्या वरंब्यावर गोट्यांनी अर्धा बुजलेला खड्डा होता. पण त्याभोवती नारिंगी झेंड्या, आणि झेंड्यांपाशी डेलिया. डेलिया माझीच विद्यार्थिनी. हा सगळा किनारा सरकारी उद्यानात येतो, आणि ती आता उद्यानाच्या नोकरीत.

"आना, आत पाऊल टाकू नका," ती म्हणाली. आम्ही आजीला आना म्हणतो, आणि मी गावभरची आना आहे. "हा जुन्या लोकांचा खड्डा आहे. फार जुन्या."

"कसला जुना? गेल्या महिन्यात मी खणलाय. माझं फावडं होतं, माझी कंबर होती."

"जुन्या लोकांनी ठेवलेलं हलवू नये, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. पण मी ठेवलेलं मी हलवू नये, हे कधी शिकवलं?"

आणि मी झेंडी ओलांडली, फावडं बाजूला टाकलं आणि बर्फावर वालरस बसतो तशी खड्ड्यात पसरले.

"आना, उठा ना."

"पोरीचं तेल मिळेपर्यंत नाही. हिंमत असेल तर ओढ. तुझं नाक पुसलंय मी."

तेवढ्यात डेलियाचा रेडिओ बोलला. कचेरीतला कुणी विचारत होता, काय गडबड आहे?

"एक बाई खड्ड्यात बसल्यात," डेलिया म्हणाली.

"मग उठव त्यांना."

"माझ्या शिक्षिका आहेत. तुम्ही येऊन उठवा."

हे बघून छावणीतली पोरं आली आणि वरंब्यावर ओळीनं बसली. त्यांना वाटलं, आजचा धडा हाच. मग मीही शिकवायला लागले. झेंड्या कुणाच्या, जमीन कुणाची, आमच्या खापरपणज्यांनी कुणाची परवानगी मागितली होती. चांगली रंगले होते. "आणि हा खड्डा आमचा! काय गं सिक्निक?"

डेलिया माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. आमच्यात हो म्हणायला भुवया उचलतात आणि नाही म्हणायला नाक मुरडतात.

"आना, ती नाक मुरडतेय."

"तुझ्या झेंड्यांना मुरडत असेल."

"तिला काहीतरी सांगायचंय."

"मोठी माणसं बोलत असताना पोरांनी तोंड घालायचं नाही. ती शिकलीय. तू विसरलीस."

डेलिया विसरली नव्हती. गपचूप खाली बसली. खालून विल्बर ओरडला की लाटांना फेस यायला लागलाय. मी आणखी बोलले असते, पण काढलेल्या दाढेची जागा ठणकायला लागली.

"आना, तुझं बोलून झालं?" सिक्निकनं विचारलं.

"झालं."

"तू दाढ काढायला गेलीस ना, तेव्हा वादळ आलं होतं. लाटा चुलीपर्यंत आल्या. आम्ही तंबू दोन वरंबे आत आणलाय."

मी डोक्यात वरंबे मोजले. पुन्हा मोजले.

"मग आपला खड्डा?"

"तंबूच्या लगेच मागे. सकाळी तू त्याच्यावरच उभी राहून चहा प्यालीस."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तू बोलत होतीस."

तरी मी लगेच उठले नाही. इतक्या ठामपणे बसलेल्या माणसानं लगेच उठणं बरं दिसत नाही. शिवाय पाय बधिर झाले होते. शेवटी डेलियानंच हात दिला.

"ज्या बाईनं हा खड्डा खणला," ती हळूच म्हणाली, "तिनंही तंबूपासूनच मोजलं असेल."

तेल उत्तम निघालं, पातळ आणि सोनेरी. आमच्या होडीला आता लाटा झेपल्या नसत्या. डेलियानं उद्यानाची मोठी होडी काढली, आणि वाटेत झेंड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही, हे तिचे संस्कार. माझेच.

रूफसतातानं माशाचा तुकडा तेलात बुडवला. सिक्निक श्वास रोखून उभी. तो चावत राहिला, चावत राहिला, आणि मग त्याच्या दोन्ही भुवया वर गेल्या. पोरगी बंधनातून सुटली! खोलीभर हसू पसरलं.

"पण सगळं मी एकटा खाणार नाही," रूफसताता म्हणाला. "पहिली शिकार सगळ्या म्हाताऱ्यांची असते. त्या म्हातारीलाही दे."

कोण बरं आलंय, म्हणून मी खोलीभर नजर फिरवली आणि त्या बिचारीला बसता यावं म्हणून बाकावर जरा सरकून जागा केली. सिक्निक वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.