नाव नंतर सांगतो

मेहुण्याच्या गराजमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी नॉर्ब झिलिन्स्कीनं मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आज तोंड उघडायचं ते फक्त खायला. (मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ क्लिफर्ड. अमेरिकेतल्या मिलवॉकीत गराज गाडी ठेवायला असतं असं ज्याला वाटतं, त्यानं क्लिफर्डचं गराज पाहिलेलं नाही.)

मार्च संपत आला होता. रस्त्याच्या कडेला काळवंडलेला बर्फ अजून तसाच होता, आत बिअरमध्ये सॉसेज रटरटत होते, आणि आठ कर्तेसवरते पुरुष घडीच्या खुर्च्यांवर बसून बेसबॉलचे संघ निवडत होते. खरे नव्हे हो, कागदावरचे! खऱ्या खेळाडूंची नावं आळीपाळीनं वाटून घ्यायची आणि मग त्यांनी मैदानात जे दिवे लावले, त्याचे गुण आपल्या नावावर. याला फँटसी लीग म्हणतात. नॉर्बची बायको ग्लेन्डा याला दुसरंच काही म्हणते, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

तर नॉर्ब गप्प बसला होता. पण कुणीतरी गावच्या खऱ्या संघाचा विषय काढला आणि झालं!

"पुनर्बांधणी म्हणे!" नॉर्ब ताडकन उठला. "चेंडू फेकायला एक म्हणून बरा पिचर होता, तोही विकला! आणि आणलं काय? तीन पोरं! मिसरूडसुद्धा फुटलं नाही मेल्यांना! दरवर्षी आपलं तेच, धीर धरा, भविष्य घडवतोय. अरे, माझी साठी आली! मी भविष्य बघू कधी?"

"आणि तू रे?" क्लिफर्डनं सॉसेज उलटता उलटता विचारलं. "गेल्या वर्षी तूच मला तुझी या वर्षीची पहिली निवड देऊन टाकलीस. कुणासाठी? त्या म्हाताऱ्या फलंदाजासाठी."

"त्याचा गुडघा एप्रिलमध्येच जाईल हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

सगळे हसले. नॉर्बला मात्र हसू येत नव्हतं, कारण लीगचा नियम होता: लागोपाठ तीन वर्षं शेवटचा नंबर आला, की खुर्ची खाली करायची. नॉर्बचा दोनदा आला होता. त्याच्या खुर्चीवर क्लिफर्डचा दंतवैद्य डोळा ठेवून होता. त्यानं म्हणे नवी टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती. टोपी! नॉर्बची ही खुर्ची त्याच्या लग्नाइतकी जुनी. ती गेली तर शनिवारी जायचं कुठे आणि चिडायचं कुणावर? ग्लेन्डावर चिडून बघितलं होतं त्यानं, पण ती उलट चिडते.

यातून वाचवू शकणारा माणूस एकच, डेकन मॅबरी. वीस वर्षांचा डावखुरा पोरगा, चेंडू असा फेकायचा की फलंदाजाला तो दिसण्याऐवजी नुसता ऐकू यायचा. लीगमध्ये शेवटच्या नंबरवाल्याला सगळ्यांत आधी निवडायला मिळतं, आणि ज्याची पहिली निवड, त्याचाच मॅबरी.

"क्लिफर्ड, ती निवड मला परत दे," नॉर्ब म्हणाला. "माझा गेल्या वर्षीचा कॅचर घे, तो मागे बसून चेंडू झेलणारा."

"कॅचर आणि वर एक. नाव नंतर सांगतो."

आता हा काही क्लिफर्डच्या मनचा खेळ नव्हे. मोठमोठे संघही असाच सौदा करतात: एक खेळाडू आज द्यायचा, दुसऱ्याचं नाव दोन-तीन महिन्यांनी कळवायचं. नॉर्ब म्हणाला, "घे ना, माझ्या संघातला कुठलाही घे."

"तुझ्या संघात आहे काय? सगळे लंगडेलुळे. तुझ्या घरातलं एक काहीतरी दे."

नॉर्बला वाटलं, याचा डोळा आपल्या बर्फ उडवायच्या मशीनवर असणार, आणि ते तसंही बंद पडलेलं. "चालेल," तो म्हणाला. सहा साक्षीदारांसमोर हात मिळवले गेले.

घरी पोचेपर्यंत त्याला शंका यायला लागली. मेहुणा इतका खूश का होता? मशीन बंद आहे हे त्याला ठाऊक होतं की! म्हणजे नजर दुसऱ्याच कशावर तरी आहे. नॉर्बनं मांसाला धुरी द्यायची भट्टी शेडमध्ये नेऊन ताडपत्रीनं झाकली. मग पाय लांब करून सामने बघायची आपली लाडकी आरामखुर्ची तळघरात ढकलायला लागला, आणि ती जिन्याच्या वळणावर अडकली. खुर्ची वर जाईना, खाली येईना, आणि खुर्चीच्या खालच्या बाजूला नॉर्ब.

"हे काय चाललंय?" वरून ग्लेन्डा.

त्यानं सांगितलं. (अडकलेला माणूस खरं बोलतो.)

"माझ्या घरातलं? मला न विचारता?" ग्लेन्डा कडाडली. "आणि त्यानं माझा ओव्हन मागितला तर?"

"ओव्हन कोण मागेल?"

"का? काय वाईट आहे माझ्या ओव्हनला?"

नॉर्ब बराच वेळ खुर्चीखाली होता.

एप्रिलभर मॅबरीनं नुसता धुमाकूळ घातला. नॉर्बचा संघ तिसऱ्या नंबरावर गेला, पण सुख म्हणून मिळेल तर शपथ! दर शुक्रवारी क्लिफर्ड तळलेले मासे खायला घरी यायचा आणि घरभर फिरायचा. फ्रीज उघडून "गारवा चांगलाय हं" म्हणायचा. दिवा हातात घेऊन वजन बघायचा. एकदा तर त्यानं कुत्र्याचे दात तपासले! नॉर्ब ताटातला मासा सोडून त्याच्या मागेमागे फिरायचा. स्वतःच्या घरात माणसानं दुकानदारासारखं बसायचं? हा काय न्याय झाला?

मग मे महिन्यात मॅबरीचं कोपर गेलं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया, आता पुढच्या वर्षी. एक वर्ष! पोरगं विसाचं आणि कोपर साठीचं, हा कुठला हिशेब? नॉर्ब टीव्हीसमोर उभा राहून त्या कोपरावर इतका ओरडला, की शेजारीण दार वाजवून गेली. संघ घसरत घसरत सातवा झाला आणि खाली एकच पायरी उरली.

मेअखेरच्या सुट्टीला सगळं गणगोत नॉर्बच्या अंगणात जमलं, तेव्हा क्लिफर्डनं बाटलीवर चमचा वाजवला.

"मंडळी, ते नाव ठरलं. नॉर्ब."

"काय?" नॉर्ब म्हणाला.

"काय नाही. तूच! मागच्या दारी लाकडी ओटा बांधतोय मी. सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी एक गडी हवाय."

"मी काय वस्तू आहे?" नॉर्ब लालबुंद झाला. "ग्लेन्डा, सांग की याला! तुझ्या नवऱ्याला उचलून नेतोय हा!"

ग्लेन्डानं बटाट्याच्या सॅलडचं भांडं खाली ठेवलं. विचार केला. "सकाळी किती वाजता पाठवू?"

"अगं, तू मला विकतेस?"

"मी कुठे? तूच स्वतःला विकलंस. ओव्हन वाचला हे नशीब."

असा नॉर्ब गेला. डबा घेऊन, हातोडा घेऊन, रस्ताभर बडबडत.

दुसऱ्याच शनिवारी, जेवणवेळ व्हायच्या आत, क्लिफर्डची पिकअप दारात उभी राहिली. आत नॉर्ब, दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या. क्लिफर्डची विजार गुडघ्यावर फाटलेली आणि कपाळावर टेंगूळ.

"ग्लेन्डा, याला परत घे."

ग्लेन्डा जाळीच्या दाराआडूनच म्हणाली, "परत घ्यायचं ठरलं नव्हतं."

"अगं, पायऱ्या उलट्या ठोकल्यात यानं! मी पहिल्याच पायरीवरून गेलो. जरा माणुसकी दाखव!"

"मला चिडवत होता हा," नॉर्ब गाडीतून गरजला. "चिडलेल्या माणसाच्या हाती हातोडा देतं का कुणी?"

ग्लेन्डानं दार उघडलं नाही. पण तिचा आवाज जरा खाली आला. "घेते परत. पण एका अटीवर. नंबर कितवाही येवो, लीगमधली त्याची खुर्ची हलता कामा नये. त्या खुर्चीशिवाय हा माणूस मला घरात झेपायचा नाही, आणि त्यालाही जगणं झेपायचं नाही."

नॉर्बच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायको असावी तर अशी! त्यानं पट्टीनं डोळे पुसले.

"एवढंच ना?" क्लिफर्डनं सुस्कारा सोडला. "अगं, त्याला काढतंय कोण? तो नियम आम्ही सात जणांनी मार्चमध्ये संघ निवडायच्या आधीच मोडीत काढला. म्हटलं, नॉर्ब गेला तर शेवटचा नंबर आपल्यापैकी कुणाला तरी घ्यावा लागेल."

नॉर्बनं पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आणि तो दंतवैद्य?" त्यानं विचारलं.

"त्याला आम्हीच नाही म्हटलं," क्लिफर्ड म्हणाला. "फार बरा खेळतो तो."