साकिमान यांच्या मेंदूचा अहवाल

माणसाच्या मेंदूचे चार भाग असतात आणि आपल्या वाट्याला आलेल्या भागाबाहेर जाऊन कुणालाही विचार करता येत नाही. हे सत्य इंडोनेशियातल्या सोलो शहरात विनार्सिहइतकं कुणालाच पटलेलं नव्हतं. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा प्रकार सांगणाऱ्या एका केंद्रात ती वरिष्ठ विश्लेषक होती. (कनिष्ठ विश्लेषक केंद्रात नव्हता.) केंद्राच्या माहितीपत्रकानुसार पुढचा-उजवा भाग स्वप्नं पाहतो, पुढचा-डावा बेत आखतो, मागचा-उजवा माया करतो आणि मागचा-डावा तेच तेच विचारत राहतो. आजवर तपासलेल्या तीन हजार चारशे जणांपैकी तीन हजार तीनशे नव्वद जण पुढचे-उजवे निघाले होते. उरलेल्या दहांनी चाचणी पुन्हा करून घेतली.

विनार्सिह स्वतः पुढची-उजवी होती. तिने तीनदा खात्री करून घेतली होती. (पहिल्या दोन वेळा यंत्र चुकलं.)

त्या गुरुवारी ती यंत्र घेऊन आईवडिलांकडे गेली. प्रत्येक कर्मचाऱ्याने घरच्यांची चाचणी करावी, असं परिपत्रक निघालं होतं. वडील, साकिमान, दारापुढे कॉफीचा ग्लास घेऊन बसले होते. तांब्याचे ठसे उकळत्या मेणात बुडवून बातिकच्या कापडावर उठवायचे, हे काम त्यांनी एक्कावन्न वर्षं केलं होतं.

"न्दुक, पोरी, जेवलीस का?"

"हो, बापाक."

ती जेवली नव्हती. पण हो म्हटलं की विषय संपतो. फोनवर आणि समक्ष, गेली वीस वर्षं तिने हा विषय असाच संपवला होता.

साकिमान यांनी एकेक बोट काचेवर टेकवलं. यंत्राने दहा वेळा विचार करून निकाल दिला: ठसा नाही, मेंदू निश्चित करता येत नाही.

"काय म्हणतंय?"

"तुमचा मेंदू सापडत नाही म्हणतंय."

"एवढ्यासाठी वीज कशाला जाळलीस? तुझ्या आईला विचारायचंस. लग्नाच्या दिवसापासून ती हेच सांगतेय."

आतून आईचा आवाज आला, "सापडत नाही असं मी कधीच म्हटलं नाही हं. आहे कुठे, असं म्हटलं."

मेणाने आणि तांब्याने बोटांवरच्या रेघा कधीच्या पुसून टाकल्या होत्या. नियमावलीत यासाठीही तरतूद होती: अशा प्रसंगी विश्लेषकाने उमेदवाराच्या वर्तनावरून प्रकार स्वतः भरावा. वर्तन तिने अडतीस वर्षं पाहिलं होतं. त्या काळात या माणसाने तिच्याशी मायेचा एक शब्द बोलल्याची नोंद नव्हती. नोंद होती ती एका प्रश्नाची. तिने लिहिलं: मागचा-डावा. माया: आढळली नाही.

मग तिने त्यांना समजावून सांगितलं. (मार्गदर्शन चाचणीतच धरलेलं असतं.) "बापाक, 'जेवलीस का' हे मागच्या-डाव्या भागातून येतं. नुसती सवय. मनापासूनची चौकशी उजवीकडून होते."

साकिमान यांनी बराच वेळ विचार केला. मग मान उजवीकडे कलती करून अगदी गंभीरपणे विचारलं, "जेवलीस का?"

विनार्सिह हसली नाही. वरिष्ठ विश्लेषक हसत नाहीत. चार वाजता तिची पुढची तुकडी होती. तिने यंत्र पिशवीत भरलं आणि ती निघाली.

शुक्रवारी सकाळी साकिमान कॉफी घेऊन त्याच जागी बसले आणि उठले नाहीत. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोणत्या भागातली, असं विनार्सिहने विचारलं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या. मागच्या बाजूला." आपलं विश्लेषण बरोबर निघाल्याचं तिला क्षणभर समाधान वाटलं. (हे तिने कुणाला सांगितलेलं नाही.)

सातव्या दिवशी संध्याकाळी गल्लीतली माणसं चटयांवर बसून दुआ मागत होती. भाताचे डबे वाटायला रचून ठेवले होते. केंद्र दिलेला शब्द पाळतं. सात दिवसांत अहवाल म्हणजे सात दिवसांत अहवाल. तो चौकटीत बसवून आला. मुलीच्या कचेरीतून शोकसंदेश आला, असं समजून शेजारच्या बू लास्त्री या बाईंनी चष्मा लावला आणि कुणी अडवायच्या आत तो खणखणीत आवाजात वाचला: "साकिमान. विचारशैली मागची-डावी. माया आढळली नाही. सुधारणेस वाव आहे. सहा महिन्यांनी उमेदवाराने स्वतः उपस्थित राहावे."

सगळे सवयीने म्हणाले, "आमीन."

माणसं डबे घेऊन गेली. आईने जाळीच्या झाकणाखालचं एक ताट विनार्सिहपुढे सरकवलं.

"हे कुणाचं?"

"तुझंच. मला तरी ही सवय कुठे मोडतेय? तुझा फोन ठेवला की ते म्हणायचे, 'पोरगी खोटं बोलतेय गं. आवाज उपाशी आहे. ताट झाकून ठेव, येईलही.'"

"कधीपासून?"

"तू कामाला लागलीस तेव्हापासून."

"आणि मी आले नाही की?"

"सकाळी स्वतः खायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. वीस वर्षं शिळा भात खाल्ला त्या माणसाने." आईने पदराच्या टोकाने टेबल पुसलं. "मेंदू आहे कुठे, असं मी उगाच म्हणत नव्हते."

गुरुवारीही हे ताट इथेच झाकलेलं होतं. आत येऊन यंत्र बाहेर काढताना विनार्सिहने त्याच्याच झाकणावर पिशवी टेकवली होती.

केंद्राच्या अर्जात याला रकाना नाही. एव्हाना वाचकांनीही आपापला प्रकार ठरवून टाकला असेल. (पुढचा-उजवा. अभिनंदन.) खात्रीसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे आणि त्याला यंत्र लागत नाही: घरून शेवटचा फोन आला आणि जेवलात का विचारलं, तेव्हा तुम्ही खरं सांगितलं होतंत?

विनार्सिहने झाकण उचललं. भात गार झाला होता, तळलेला सोयाबीनचा तेम्पे मऊ पडला होता. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत तिने मान जराशी उजवीकडे कलती केली आणि मोठ्याने म्हणाली,

"नाही जेवले, बापाक."