पहिल्या श्रेणीचा उजेड

मागच्या खोलीत दिव्याचं बटण खट् वाजलं आणि दुपारची शांतता मोडली. बत्ती गेलेली होती. माझी ऋता, वय वर्षं सहा, भर बाराच्या उन्हाच्या वेळी पाटी डोळ्यांशी धरून बसली होती. नाकाच्या शेंड्यावर पेन्सिलीची पूड. इकडे उत्तरेत, आमच्या ब्रह्मा घाटावरची घरं इतकी बिलगून उभी, की त्या खोलीचा पत्ता सूर्यनारायणालाही सापडू नये. म्हणून तिथे एक खिडकी पाडायला परवानगी मिळावी, असा रीतसर अर्ज आम्ही केला. साल १९९६.

त्या वर्षी ‘हरित निवास’ योजना आलेली, घरांना उजेडावरून श्रेणी देणारी. त्यामुळे आधी घरातला उजेड मोजणं आवश्यक झालं. निरीक्षक मीटर घेऊन आले. मागच्या खोलीत काटा हलेना. पुढच्या खोलीत जरासा थरथरला. मग ते गच्चीवर गेले. माकडांमुळे आमची गच्ची जाळीने बंद. आत खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या. तिथे काटा टोकाला जाऊन आदळला.

ही खोली धरावी लागेल, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, भैया, जाळी माकडांसाठी आहे.

“बंदर बाहर, आप अंदर. तो कमरा हुआ न, भाभीजी?”

तिन्ही खोल्यांची सरासरी गरजेच्या सतरापट निघाली. खिडकी नामंजूर. उलट जादा उजेड कमी करायला अर्ध्या गच्चीवर पत्रे घालावेत, अशी शिफारस. आमचे हे, यज्ञेश, पाठशाळेत न्याय म्हणजे तर्कशास्त्र शिकवतात. मागची खोली निराळी मोजा, एवढंच ते म्हणाले. खोली-खोली करून पाहिलं तर देशात एक घर पास व्हायचं नाही, असं त्यांना समजावण्यात आलं. मुलीने गच्चीत अभ्यास करावा. जूनमध्ये? फॉर्ममध्ये ऋतूचा रकाना नव्हता.

शेवटी एक कागद पुढे आला : ‘रहिवाशांची अंधाराबद्दल तक्रार नाही.’ मी पेन खाली ठेवलं. तेव्हा निरीक्षकांनी आवाज उतरवून सांगितलं, समोरच्या शरदिनीकाकूंच्या घराला दुसरी श्रेणी मिळाली आहे, आणि आमची पहिली बसते आहे.

मी सही केली. वळणदार.

खाली तेच वाक्य आणि माझी सही असलेलं प्रमाणपत्र उन्हाने विटू नये म्हणून चौकटीत घालून मागच्या खोलीत लावलं. गल्लीतल्या बायका टॉर्च घेऊन पाहून गेल्या. काकू सर्वांत जास्त वेळ थांबल्या. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी ऋताने ती चौकट उतरवून दारात नेली आणि बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं.

“आई, तक्रार नाही म्हणजे?”

“म्हणजे सगळं छान आहे, राणी.”

ती सहीपाशी थांबली.

“पण त्या खोलीत तर मी बसते. मग मला का नाही विचारलंस?”